चिरेचं टोक

२१ नोव्हेंबर १९५५, धरणगाव

सकाळी धरणगावला उतरलो आणि गाव पाहताक्षणी आवडलं. स्टेशनापासून जिनाच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकापर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग होती. गाड्या इतक्या फुगलेल्या की मागून बैल दिसतच नव्हते. जिनाचे मालक गिरधरशेठ स्वतः फाटकापर्यंत आले, चहा पाजला, आणि इंजिनियर म्हणून माझी सगळ्यांशी ओळख करून दिली. पुण्याचं कॉलेज आणि रेल्वेच्या कारखान्यातली उमेदवारी, या दोन्हींचं नाव त्यांनी माझ्यापेक्षा मोठ्या तोऱ्यात घेतलं. आईला धुळ्याला पत्र लिहायचं आहे की मुलगा मजेत आहे.

इंजिनघर झकास आहे. जुनं वाफेचं इंजिन, आणि त्याच्या शाफ्टवर दोन पुरुष उंचीचं लोखंडी चाक. त्या एका चाकाच्या पट्ट्यावर अख्खा जिन चालतो. चाकापलीकडे विटांची भिंत आणि भिंतीपलीकडे लांबलचक पडवी. तिथे बायका बसून किडका कापूस निवडतात. त्यांची मुकादमीण ताईबाई भिंतीला पाठ टेकून बसते. म्हणाली, इंजिनाच्या उबेने थंडीत बरं वाटतं.

इंजिन सांभाळणारे तोताराम मिस्त्री साठीचे असतील. डावा पाय ओढत चालतात. मी त्यांना आबा म्हणायचं ठरवलं. त्यांची बायको इंदिराबाई मला दोन्ही वेळा जेवण देणार आहे. आज भरीत आणि कळण्याची भाकरी होती. तीन भाकरी खाल्ल्या.

२४ नोव्हेंबर

आज बाजारामुळे जिन बंद होता, म्हणून शाफ्ट तपासला. रेल्वेत आसांची तपासणी करायचो तशीच: रॉकेलने पुसायचं, कोरडं करायचं, वरून चुन्याचा पातळ थर लावायचा आणि वाट बघायची. भेग असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल पांढऱ्यावर काळी रेघ होऊन उमटतं.

उमटली. चाकाच्या अगदी लगत, चाक शाफ्टवर घट्ट धरणाऱ्या चावीच्या खाचेपासून निघून शाफ्टला वळसा घालणारी.

यात नवल नाही. लोखंड थकतं. एका दणक्याने जे मोडत नाही, ते लाखो फेऱ्यांच्या बारीक ओढीने चिरत जातं. विलायती विमानं आकाशात मोडून पडली तीही अशीच, वर्तमानपत्रांत सगळं छापून आलं होतं. चीर लहान असताना मुंगीच्या पावलाने चालते. मोठी झाली की धावते. मी तिच्या टोकाशी पंचाने ठिपका मारला.

मनाला खटकली ती दुसरीच गोष्ट. चिरेच्या वाटेवर, ग्रीसच्या थराखाली, एक जुनं भोक सापडलं. चीर थांबवायला टोकाशी भोक पाडतात. टोकाची धार गेली की पुढचा ताण पसरतो आणि चीर अडते. कुणीतरी शहाणपणाने ते पाडलं होतं. पण त्या भोकाच्या पलीकडच्या कडेला छिन्नीचा घाव आहे, आणि चीर त्या घावातून पुढे निघाली आहे. असा घाव चुकून बसत नाही.

तोतारामआबा बाजूला उभे होते. रेघ उमटली तेव्हा त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही.

२ डिसेंबर

आठवडाभर मोजमाप घेतलं. फेऱ्या आडव्या आणि चिरेची लांबी उभी धरून आलेख काढला. हिशेब सांगतो की शाफ्ट संक्रांत पाहणार नाही. तो तुटला तर चाक सुटून भिंतीतून आरपार जाईल. भिंतीपलीकडे चाळीस बायका बसतात.

गिरधरशेठना सगळं सांगितलं. मुंबईहून नवा शाफ्ट यायला फाल्गुन उजाडेल आणि हंगाम बंद ठेवणं त्यांना परवडणार नाही. शेवटी ठरलं की तोवर मी नवं भोक पाडून चीर अडवावी.

आबांना जुन्या भोकाबद्दल विचारलं. "माले काय माहीत नही, साहेब," म्हणाले आणि निघून गेले. जेवताना मी नव्या भोकाचं बोललो, तर वाढता वाढता इंदिराबाईंचा हात थांबला. या नवराबायकोला काहीतरी ठाऊक आहे. ती छिन्नी आबांचीच असावी. पण ज्या इंजिनापाशी स्वतः दिवसभर उभं राहायचं, त्याचाच शाफ्ट माणूस का मोडेल?

९ डिसेंबर

रविवारी भोक पाडलं, कडा गुळगुळीत घासल्या. आज पुन्हा चुना लावून पाहिलं. चीर भोकापाशी येऊन थांबली आहे. पाच दिवसांत केसभरही सरकली नाही. आत शाफ्टचा जेमतेम तिसरा हिस्सा शाबूत आहे, पण तेवढ्यावर फाल्गुन गाठता येईल. शेठनी पेढे पाठवले. ताईबाईने सगळ्या बायकांच्या वतीने हातावर गूळ ठेवला.

१३ डिसेंबर

चार दिवस डाव्या नडगीत ठणका आहे. एकाच जागी, बोटाच्या पेराएवढ्या. कुठे आपटल्याचं आठवत नाही.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. लंगडतही नाही. तरी आज ताट ठेवताना इंदिराबाईंनी विचारलं, "भाऊ, पाय दुखस का?"

मी नाही म्हणालो. त्या माझ्या नडगीकडेच बघत होत्या, नेमकी तीच जागा.

१७ डिसेंबर

जेवण झाल्यावर ठणका वाढतो, असं ध्यानात आलं. छिन्नीचं गुपित लपवणारं घर, त्याच घरचं जेवण. तीन दिवस त्यांचं अन्न मागच्या कुत्र्याला घालतो आणि बाजारातला चिवडा, केळी खाऊन राहतो. कुत्रं धडधाकट आहे. माझा पाय तसाच आहे.

परवा आबा आणि इंदिराबाई विहिरीपाशी हळू आवाजात बोलत होते. मी दिसताच थांबले.

२० डिसेंबर, जळगाव

डॉक्टरांनी नडगीचा क्ष-किरण फोटो काढला. हाडात बारीक रेघ आहे. पलटणीतल्या शिपायांना फार कवायत केली की असं होतं म्हणाले, हाडही थकतं. रोज किती मैल चालतोस म्हणून विचारलं. मी खुर्चीवर बसून काम करतो. त्यांनी पायाला प्लॅस्टर घातलं, पडून राहायला सांगितलं.

२८ डिसेंबर

आठ दिवस खाटेवर होतो. आज जळगावला जाऊन दुसरा फोटो काढला. रेघ वाढली आहे. डॉक्टर चिडले, तू चोरून चालतोस म्हणाले.

परत आल्यावर दोन्ही फोटो खिडकीला लावले. कडेच्या एका खाचेतून निघालेली, किंचित वळसा घालणारी रेघ. ही मी ओळखतो. न राहवून आलेख काढला. वाढीचा बाक तोच आहे. शाफ्टचा आलेख जिथे थांबतो तिथे हा जोडला, तर सांधा कळत नाही.

अशी गोष्ट मी कुणाला सांगू?

३० डिसेंबर

आबांना बोलावलं, दार लावून घेतलं आणि फोटो दाखवले. त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरून पाहिले. मग धोतर वर करून त्यांनी आपली नडगी दाखवली. मधोमध गाठ आहे, मोडून वाकडं जुळलेल्या हाडाची.

"भोक मीच पाडं व्हतं. चीर थांबी गई, आनि तिनी मना पाय धरा."

मी विचारलं, मग छिन्नी?

"तीबी मीच मारी. तवय पाय सुटी गया." आणि म्हणाले, "तिले चालनं पडस, साहेब. लोखंडमा नही तं हाडमा."

त्यांनी छिन्नीने पुन्हा मोकळी केली तेव्हा चीर लहान होती. पुढे पुष्कळ लोखंड शिल्लक होतं, म्हणून निभावलं. आता नाही. हे त्यांनाही कळतं. तरी जाताना त्यांनी छिन्नी खाटेवर ठेवली. म्हणाले, तुम्ही ठरवा.

२ जानेवारी १९५६

ठरवलं. छिन्नी मारायची नाही. उरलेल्या तिसऱ्या हिश्शात घाव बसला तर इंजिन सुरू होतानाचा पहिला हिसकाच पुरे.

काठी टेकत पडवीत गेलो. ताईबाईने बसायला गोणपाट दिलं, पाय कसा आहे विचारलं. तिची पाठ भिंतीला होती. मी उबेची जागा सोडून पलीकडच्या टोकाला बसायला सांगितलं. हसली. शेठ जागा ठरवून देतात म्हणाली.

छिन्नी माझ्या गादीखाली आहे. दुसऱ्या कुणाच्या हाती नको.

५ जानेवारी

चीर गुडघ्याच्या वर गेली. प्लॅस्टरच्या बाहेर. मांडीत, आता कमरेत. झोप नाही.

शेठना निरोप धाडला, नवा शाफ्ट येईपर्यंत इंजिन बंद ठेवा. ते आले, शाफ्टवरचा चुना पाहून आले. चीर जागची हलली नाही, मग भीती कसली म्हणाले. तापात बोलतोय असं त्यांना वाटलं. आईला तार करतो म्हणाले.

इंदिराबाई दूध घेऊन आल्या. आज प्यायलो. उगाच संशय घेतला त्यांचा. रडत होत्या. "तुमनी माय वाट देखत व्हई," म्हणाल्या. डोळे गादीकडे.

७ जानेवारी

हिशेबाने उद्या किंवा परवा मी तुटेन. पाठीच्या कण्यात बारीक आवाज येतो, वाळलेली शेंग फुटावी तसा —

आबा दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

झोप लागली तर — लागू द्यायची नाही. गादीवरून उठायचं नाही.

९ जानेवारी, दुपार

डोळा लागला होता. जाग आली तेव्हा जेवणाच्या सुट्टीसाठी इंजिन थांबलेलं होतं. शांत वाटतंय. फार शांत.

दुखणं थांबलं आहे.

पाय हलवून पाहिला. कंबर, पाठ, कुठेच काही नाही. उभा राहिलो. पाय भार घेतो —

का थांबलं?

गादीखाली हात घातला. छिन्नी नाही.

दाराशी दुधाचा पेला झाकून ठेवला आहे. इंदिराबाई येऊन गेल्या. खिडकीतून आबा दिसतात, इंजिनघराच्या पायरीवर, डोकं धरून बसलेले. मी हाक मारली. वर बघत नाहीत. इंजिनापाशी दुसराच कुणीतरी —

बायका जेवून परत पडवीत चालल्या आहेत. ताईबाई पुढे आहे. भोंगा झाला. वाफ सोडतायत. मी ओरडलो, ऐकू जात नाही, मी जातो, धावत —