अर्ध्या मिशीच्या सुटकेबाबत

प्रति,
मा. मालमत्ता विल्हेवाट अधिकारी,
प्रादेशिक चित्रवाहिनी निर्मिती केंद्र (बंद),
तळमजला, जुन्या उपाहारगृहाशेजारी.

विषय : अर्जदाराच्या ओठावरील अर्धी मिशी येत्या चौदा तारखेपूर्वी उतरविण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे पत्र, ज्यात "सदर मिशी नोंदीतील वस्तू असल्याने लिलावापर्यंत जैसे थे ठेवावी" असे कळविले आहे.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर अर्जदार या केंद्रात गेली सत्तावीस वर्षे नट आहे. नायक नव्हे, नायकाचा कंजूष काका. "होता" असे न लिहिता "आहे" का लिहिले, याचा खुलासा पुढे येईलच.

एके काळी या इमारतीत तीन मजल्यांवर तीन मालिका चालत आणि जिन्यात तीन सासवा एकमेकींना वाट देत नसत. मग वरचा मजला गेला, मागोमाग मधला गेला. शेवटी एकच भिंत उरली. तिला घड्याळ लावले की कचेरी, पडदा लावला की दवाखाना, भांडी टांगली की स्वयंपाकघर. एकदा गडबडीत भांडी काढायची राहिली आणि न्यायाधीशांनी कढईखाली बसून जन्मठेप सुनावली. प्रेक्षकांचे एकही तक्रारीचे पत्र आले नाही, तेव्हाच आम्ही काय ते ओळखायला हवे होते. आता आमच्या वेळेला परभाषेतल्या मालिका आवाज बदलून दाखवतात. त्यात ओठ बंद झाल्यावरही माणूस बोलत राहतो. असो.

खोट्या मिशांची पेटी मुख्यालयाने मागवून घेतल्यामुळे नटांनी अंगच्या मिशा वापराव्यात असे ठरले होते. कथेत काका पैज हरतो आणि न्हावी भर चौकात त्याची मिशी उतरवतो. उजवी बाजू उतरली, तोच दिग्दर्शक म्हणाले, "जेवून घेऊ. डावी जेवणानंतर." आम्ही डबे उघडले. दिग्दर्शक मुख्यालयाचा फोन घ्यायला बाहेर गेले ते गेलेच. हल्ली ते मेहुण्याच्या फरशीच्या दुकानात बसतात. चौथ्या घासाला आपल्या कार्यालयाचे कारकून यादी घेऊन आले. त्यांनी लिहिले : खुर्ची, एक. आरसा, तडा गेलेला, एक. मग अर्जदाराकडे नीट निरखून पाहिले आणि लिहिले : मिशी, अर्धी, एक. तोंडात घास असल्यामुळे अर्जदाराने हरकत नोंदवली नाही. ही त्याची चूक त्याला मान्य आहे.

महोदय, आपण परखात्यातून आला आहात, म्हणून आमच्या धंद्याची एक रीत सांगणे भाग आहे. दिवसाचे चित्रीकरण संपले हे सांगणारा दिग्दर्शकाचा "पॅकअप" हा शब्द कानावर पडल्याशिवाय नट रंग उतरवत नाही, कपडे बदलत नाही, केसाला हात लावत नाही. अर्जदाराची लेक जन्मली तेव्हासुद्धा तो जेवणाच्या सुट्टीत फौजदाराच्या वेषात दवाखान्यात धावला होता. परिचारिकेने घाबरून सगळ्या बाळांची नोंदवही पुढे केली. त्या दिवशीही शब्द कोणी उच्चारला नव्हता आणि मिशीच्या दिवशीही नाही. म्हणजे नियमाने पाहता आम्ही गेले चौदा महिने जेवणाच्या सुट्टीवर आहोत.

हे खूळ एकट्या अर्जदाराचे आहे असे कृपया समजू नये. आधीच्या दृश्याशी पुढचे जुळते की नाही हे पाहणाऱ्या बाई सध्या रक्ततपासणीच्या खिडकीवर बसतात, पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जुना फोटो आणि पट्टी घेऊन घरी येतात आणि "काका, दोन केस जास्त झालेत" म्हणून ते कापायला लावतात. पडद्यावरच्या काकूंनी अर्धे खाल्लेले बिस्किट डब्यात जपून ठेवले असून त्या रात्रंदिवस मुंग्यांशी लढत आहेत. न्हाव्याचे काम करणाऱ्या नटाने पोटासाठी खरेच केशकर्तनालय काढले आहे. तो अर्जदाराचे डोके भादरून देतो, पण डावीकडे वस्तरा नेत नाही. म्हणतो, "ते दृश्य बाकी आहे."

आता मूळ अडचण. अर्जदाराच्या त्याच लेकीचे लग्न चौदा तारखेला आहे. मुलाकडची मंडळी घरी आली तेव्हा मुलाची आई अर्जदाराच्या उजवीकडे बसली आणि आत्या डावीकडे. घरी गेल्यावर वधूपित्याला मिशी आहे की नाही यावरून दोघींचे असे वाजले की तीन दिवस अबोला. शेवटी मुलानेच फोन करून विचारले, "काका, त्या दिवशी तुमचे भाऊही होते का?" लेकीने कपाळाला हात लावला. म्हणाली, "बाबा, दोन्ही ठेवा नाहीतर दोन्ही काढा. पण फोटोत मला एकच बाप हवा."

तिने स्वतः नवा वस्तरा आणून दिला. कोणाला कळणार होते? अर्जदार आरशासमोर उभा राहिला, साबण लावला, साबण वाळला. हात काही उचलेना. लेकीने दारातून विचारले, "मी म्हणू का पॅकअप?" अर्जदार म्हणाला, "तुला तो अधिकार नाही गं." मग बाप-लेक दोघेही जरा रडले. खरे सांगायचे तर, मिशी गेली की मालिका संपली, हे अर्जदाराला पुरते ठाऊक आहे. लिलावाचे निमित्त त्याला सोयीचे पडले, हेही तो कबूल करतो.

तरी विनंती की, सदर मिशी यादीतून वगळावी, आणि केंद्रात आता आपल्याहून वरिष्ठ कोणी उरले नसल्यामुळे आपण बारा तारखेला दुपारी चित्रीकरणाच्या दालनात येऊन तो एक शब्द मोठ्याने उच्चारावा. आम्ही सर्व डबे घेऊन हजर राहू.

आपला नम्र, आणि एका बाजूने ओशाळलेला,
(सही)
कंजूष काका
दिनांक : चालू महिन्याची तीन तारीख

सोबत :
१. अर्जदाराचा फोटो, डावीकडून.
२. अर्जदाराचा फोटो, उजवीकडून. (समोरून काढताना फोटोवाल्याला हसू आवरेना.)
३. बिस्किट सोबत जोडलेले नाही. काकू देत नाहीत.

ता.क. : त्या दिवशी दालनात आल्यावर आपल्या तोंडून "पॅकअप"ऐवजी "जेवणं झाली ना? चला, दिवे लावा" असे निघाले आणि चित्रीकरण पुढे सुरू झाले, तरी अर्जदाराची हरकत राहणार नाही. लग्नात तो अर्ध्या मिशीने उभा राहील. ही ओळ अर्जदाराची नाही. अर्ज वाचून झाल्यावर लेकीने शेजारी बसून लिहायला लावली आहे.