लाल पाटी, मुक्काम उइटहॉर्न

चि. मधूस,

लेकीच्या परदेशातल्या गावाहून, म्हणजे उइटहॉर्नहून, तुझ्या अक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. म्हणजे मी खुशाल, सुरुची ऑफिसात असते तोवर खुशाल, आणि जावईबापू देवदत्त यांच्याबद्दल पुढे लिहितेच. तुझी कंबर कशी आहे? दुकानात जमिनीवर बसून पाट्यांचं रेडियम कापू नकोस, टेबल घे, असं मी किती दिवाळ्या सांगते आहे. पूर्णिमाला सांग, तिची शेंगदाण्याची चटणी बॅगेत फुटली आणि तुझ्या दाजींच्या पदकांच्या ब्लेझरला अजून लसणीचा वास येतो. (वासासकट तो ब्लेझर कुठे मिरवून आला, तेही येईलच.)

तर तू निघताना दाजींना प्रेमानं जी लाल पाटी करून दिलीस, मोठ्या पांढऱ्या अक्षरांत ‘माजी सैनिक’, वर दोन तलवारी, तिनं इथे काय रामायण घडवलं ते ऐक. तुला वाटलं असेल, म्हातारा ती कपाटात ठेवील. अरे, ज्या माणसानं साताऱ्यात स्कूटरला, सायकलला आणि एकदा माझ्या शिवणाच्या मशीनलाही ‘माजी सैनिक’ चिकटवलं, तो पाटी कपाटात ठेवतो होय? नाक्यावरचा हवालदार पाटी पाहून मान हलवतो, त्या मान हलवण्यावर यांचा अख्खा दिवस छान जातो. इथे आल्यावर दोन दिवस झोपेत गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हे पायमोज्यांत अंगणात, हातात स्क्रू-ड्रायव्हर, आणि समोर देवदत्तची गाडी.

आता ती गाडी देवदत्तची नाहीच. कंपनीनं लीजवर दिलेली आहे. तिला ओरखडा गेला तरी खुलासा द्यावा लागतो, आणि यांना मागच्या दारावर दोन भोकं पाडायची होती. देवदत्त पुण्याचा, त्यातून सासऱ्यांसमोर बोलणार कसा. ‘बघूया, बाबा’ म्हणत राहिला बिचारा. (पुण्यात ‘बघूया’ म्हणजे नाही, हे यांना कोणी शिकवलेलं नाही. हे ड्रिल मशीन शोधायला लागले.) शेवटी सुरुचीनं स्पष्टच सांगितलं, तेव्हा हे फुगले ते फुगलेच. बिनपाटीच्या गाडीत बसणार नाही म्हणाले. मग दुकानात जायचं तर चालत, केस कापायला चालत, आणि इथला पाऊस वरून पडत नाही रे, समोरून येतो. छत्री उलटी, माणूस ओला, पण ताठ. असे चार-पाच दिवस भिजल्यावर जेवताना जाहीर केलं, की जिथे सैनिकाची किंमत नाही तिथे राहायचं नाही, तिकिटं बदला, पुढच्या आठवड्यात परत.

मधू, यांची पोस्टिंगं झाली जम्मू, लेह, तेजपूर. माझं पोस्टिंग एकच, सासूबाईंची खाट आणि दोन म्हशी. सत्तरीला आल्यावर पहिल्यांदा मी कुठे तरी आले आहे. सुरुचीनं मला एक जुनी तीनचाकी सायकल मिळवून दिली आहे. मी साडी खोचून नदीकाठानं एकटी फिरून येते, आणि वाटेत कुणी चहा मागत नाही. तो माझा आनंद एका पत्र्यापायी जाणार म्हटल्यावर मला रडूच आलं, आणि रडून झाल्यावर डोकं चाललं.

मी देवदत्तला म्हटलं, यांना तू समजावू नकोस, सरकारी माणसाच्या तोंडून ऐकव, फौजेत तेवढंच ऐकायची सवय आहे. मग आम्ही गेलो गेमेन्टेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत. (बसनं. गाडीवर बहिष्कार चालू होता.) देवदत्तनं पाटी दाखवून विचारल्यावर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, हे आमचं खातं नव्हे, पण सांगते. माजी सैनिकांसाठी इथे वेगळी नंबरप्लेट नसते. नंबर माणसाचा नसतोच, गाडीचा असतो. मालक दहा बदलोत, गाडी भंगारात जाईतो नंबर तोच. देवदत्तनं भीत भीत मराठी केलं. मला वाटलं, आता खिडकीची काच जाणार.

यांनी मात्र नुसती मान हलवली. परतताना बसमध्ये स्वतःशीच म्हणाले, "बरोबर आहे. आमच्या खेचरांचं हेच होतं." तुला माहीतच आहे, दाजींची निम्मी नोकरी डोंगरात खेचरांबरोबर गेली. खेचराच्या खुरावर नंबर डागलेला असतो, खूर वाढला की पुन्हा डागायचा. सांभाळणारे जवान येतात, जातात, नंबर खेचराचा. इतका शिस्तीचा देश आहे हे आधी का नाही सांगितलं, म्हणून उलट देवदत्तलाच झापलं, आणि त्या संध्याकाळी गाडीत बसून भाजी आणायला गेले. मी देवापुढे साखर ठेवली.

पण जरा घाईच झाली. यांनी रात्रभर विचार करून पुढचा निष्कर्ष काढला, की नंबर खेचराचा, तर पाटी सैनिकाची, म्हणून ती सैनिकानंच घालावी. पाटीला तू भोकं पाडून दिलीच होतीस. त्यांत नाडी ओवली (माझ्या परकराची) आणि पाटी गळ्यात. अशा अवतारात पलीकडच्या घरातल्या हेंकनं त्यांना गाठलं. हेंक तरुणपणी शांतिसेनेतून लेबनॉनला जाऊन आलेला. कोटाला शर्टाच्या बटणाएवढी पिन, बाकी बोलणं नाही. त्यानं पाटी निरखली, अर्थ विचारला, आणि जूनअखेरच्या शनिवारी द हेगला माजी सैनिकांचा दिवस असतो, तिथे चला म्हणाला.

गेलो सगळे. ब्लेझर, पदकं, पाटी आणि लसूण. मी लाजेनं दहा पावलं मागे. संचलन आलं, हेंक त्यात होता. आमच्यासमोर येताच त्यानं सलाम ठोकला, आणि दाजींनी असा कडक सलाम परत केला की पाटी हनुवटीवर आपटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी माजी सैनिकांच्या मानाचं पांढरं कार्नेशनचं फूल दिलं. यांचे डोळे भरले. माझेही.

तेवढ्यात हेंकच्या बायकोनं, योकेनं, सुरुचीकरवी मला विचारलं, नवरा बाहेर होता तेव्हा घर तू किती वर्षं ओढलंस? मी बोटांवर मोजायला लागले आणि बोटं संपली. तिनं आपल्या कोटावरचं फूल काढून माझ्या पदराला लावलं. दाजींनी पाहिलं आणि ते दुसरीकडे बघू लागले. परतीचं नाव आता कुणी काढत नाही.

पूर्णिमाला, मुलांना आशीर्वाद. कंबरेला शेक घे.

तुझी,
अक्का

ता. क. हेंकला अगदी तशीच पाटी हवी आहे, मराठीतच. येणाऱ्या कुणाबरोबर पाठव.

ता. क. दुसरा. खरं पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. माझ्या सायकलला मागे लावायला एक कर. ‘माजी’ लिहू नकोस, मला अजून कुणी निवृत्त केलेलं नाही. नुसतं ‘ऑन ड्यूटी’ लिही. तलवारी नकोत. दाजींच्या पाटीपेक्षा दोन बोटं मोठी असू दे.