शांततेत पार पडली

राहुरी,
शुक्रवार, ५ डिसेंबर

प्रिय आरू,

पत्र पाहून दचकू नकोस. आई ठणठणीत आहे आणि माझी शुगरही सध्या शहाण्यासारखी वागते आहे. हे हातानं लिहितोय, कारण मोबाईलवर एका बोटानं टाइप करत बसलो तर तुझी उद्याची संध्याकाळ टळून जाईल. लिहून झालं की एकेका पानाचा फोटो काढून पाठवीन. एखाद्या फोटोत माझा अंगठा आला तर चालवून घे. हे सगळं फोनवरही बोलता आलं असतं, पण बुधवारी फोनवर मी जे बोललो ते तू ऐकलंच आहेस. फोनवर मला धड खरं बोलता येत नाही, आणि आई शेजारी बसून प्रत्येक शब्द टिपत असते.

तू जे सांगितलंस ते मला नीट कळलंय का, ते आधी लिहितो. युद्धबंदीच्या कागदावर दोन देशांनी सह्या केल्यात आणि ती पाळली जाते का, हे बघायला पाच देशांची माणसं तिथं बसलीत. आपल्या दूतावासानं त्यांत तुला पाठवलंय. आठवड्याला एक अहवाल, त्यावर पाचही जणांच्या सह्या. उद्या संध्याकाळी जो अहवाल जायचाय त्यात ‘या पट्ट्यात परिस्थिती शांत आहे’ असं एक वाक्य आहे. ते वाक्य गेलं की शाळेत आसऱ्याला ठेवलेल्या अकराशे लोकांना सोमवारी ट्रकात घालून डोंगराखालच्या त्यांच्या गावांत परत नेणार. आणि तू मात्र नव्यानं खणलेले खंदक पाहून आलीस. मागच्या आठवड्यात दोन तोफगोळे पडले होते, या आठवड्यात सात पडले. शाळेतला एक म्हातारा रोज तुझ्या गाडीपाशी येतो आणि हातवारे करून सांगतो की तोफा झाडीत परत आल्यात. बाकीचे चौघे म्हणतात, माणूस मेला नाही म्हणजे शांतच. तू एकटीनं सही अडवलीस तर अहवाल अडणार, तुझे साहेब नाराज होणार आणि नाताळची रजा तर गेलीच म्हणून समज. एवढं सांगून तू विचारलंस, पपा, तुम्ही असता तर काय केलं असतं?

दोन्ही देशांचे सरहद्दीचे नकाशे वेगवेगळ्या मापाचे आहेत हे ऐकून मला त्याही परिस्थितीत हसू आलं. चौतीस वर्षं मोजणी खात्यात काढली, दुसरं केलंय काय! एकाच्या हातात आजोबांच्या वेळचा नकाशा, दुसऱ्याच्या हातात कालची झेरॉक्स, आणि दोघांच्या मधे बांधावर उभा मी, टोपी घातलेला. तोफा नव्हत्या इतकंच. तुझ्या दिल्लीच्या मुलाखतीत तू हेच सांगितलं होतंस. माझे वडील भूकरमापक आहेत, भांडणाऱ्या भावाभावांत हद्दीचे दगड रोवतात आणि प्रत्येक पंचनाम्याच्या शेवटी लिहितात, ‘मोजणी शांततेत पार पडली’. मुलाखत घेणारे खूश झाले म्हणे. तू हे आम्हाला हसत हसत सांगितलंस, आईनं ते चर्चमधल्या पाळकसाहेबांना सांगितलं, आणि पाळकसाहेबांनी रविवारच्या उपासनेत अख्ख्या मंडळीला. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, आमोसराव किती नम्र.

इकडची बातमी म्हणशील तर उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता धुळीनं भरलाय आणि बिबट्यानं पलीकडच्या वस्तीवरची दोन कुत्री नेली. पाहणी करायला वनखात्याचा माणूस आला, ठसे बघितले, ‘ठसे अस्पष्ट’ असं लिहून चहा पिऊन गेला. तिसऱ्या दिवशी वासरू गेलं. वस्तीवरची बाई म्हणत होती, “आमी सांगितलं तर म्हनं घाबरू नका. आता वासराला सांगा म्हनावं, घाबरू नको.” मला त्या माणसाचा राग आला आणि मग लगेच ओशाळल्यासारखं झालं. आईनं करंज्यांचं सारण करायला घेतलंय. तुझ्या खोलीतली गादी दोनदा उन्हात टाकून झाली. तू येणार नाहीस ही शक्यता तिच्या कानावर मी घातलेली नाही. भित्रा आहे मी, तुला माहीतच आहे. नसेल तर आता कळेल.

आमच्या खात्यातल्या लोकांची एक सवय तुला कधी सांगितली नाही. मोजणीला निघायच्या आधी सकाळी ऑफिसात बसून आम्ही पंचनाम्याचा कागद निम्मा लिहून ठेवायचो. गट नंबर, अर्जदाराचं नाव, चतुःसीमा, आणि शेवटचं वाक्यसुद्धा. मधली जागा कोरी सोडायची. शेतात उन्हात उकिडवं बसून लिहिण्यापेक्षा ते बरं पडायचं, आणि शेवट तर सगळ्यांचा सारखाच असायचा. म्हणजे मोजणी शांततेत पार पडली हे आम्हाला शेतात पाऊल टाकायच्या आधीच ठाऊक असायचं. मला हे शिकवणाऱ्यानं चांगल्या मनानंच शिकवलं होतं, आणि मीही पुढच्या पोरांना तसंच शिकवलं.

तू नऊ वर्षांची होतीस तेव्हाचा नाताळ तुला आठवतो. तू तो दर वर्षी आठवतेस. आपण श्रीगोंद्याला भाड्यानं राहायचो, आणि मी तुला माणसाएवढी मोठी चांदणी करून द्यायचं कबूल केलं होतं. तेवीस तारखेला माझी मोजणी होती, काष्टीच्या पुढच्या एका वस्तीवर. भागवत आणि श्रीमंत असे दोघे चुलतभाऊ, बांधावरून तीन वर्षं कज्जा चाललेला. मोजणीत श्रीमंतच्या ताब्यातली चार हात रुंदीची पट्टी भागवतची निघाली. सगळे गप्प होते. मी दगड रोवायची खूण केली तेव्हा भागवतची बायको साळूबाई मला बाजूला बोलावून म्हणाली, “भाऊसाहेब, आज दगड रोवू नका. ही लोकं तुमच्या म्होरं गप हायेत. तुमी गेल्यावर न्हाई ऱ्हायची. पोलीस घेऊन परत या.” मी म्हणालो, असं काही होत नसतं. मग तिनं मला उसाच्या सरीकडं बोट दाखवलं. तिथं पाचट टाकून काठ्या झाकलेल्या होत्या. एक कुऱ्हाडीचा दांडा बाहेर आला होता. मी तो पाहिला, आरू. स्पष्ट पाहिला.

मला काय करता आलं असतं ते मला तोंडपाठ होतं. ‘वातावरण तंग, बंदोबस्ताशिवाय हद्दीचे दगड रोवणे योग्य नाही’ एवढं लिहायचं, दगड तसेच बैलगाडीत घालायचे आणि पुढची तारीख द्यायची. पण पुढची तारीख म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा नोटिसा, साहेबांची बोलणी, आणि खिशातल्या कागदावर शेवटचं वाक्य तर लिहून तयार होतं. पाचची एसटी गाठायची होती. चांदणीसाठी बांबूच्या कामट्या आणायच्या होत्या. मी दगड रोवले, दोघांच्या सह्या घेतल्या, साळूबाईकडं न बघता निघालो.

चोवीस तारखेला दुपारी मी गच्चीवर चांदणी बांधत होतो आणि तू खाली अंगणात दोरी धरून उभी होतीस. आमच्या ऑफिसातला शिपाई छगन सायकलवरून आला, जिना चढून वर आला आणि माझ्या कानाशी बोलला. सकाळी साळूबाईचा मुलगा सहादेव नवा दगड बघायला बांधावर गेला होता. तिथंच श्रीमंतच्या माणसांनी त्याला कुऱ्हाडीनं तोडला. बावीस वर्षांचा होता. तू खालून ओरडत होतीस, पपा, चांदणी तिरकी झाली, तिरकी झाली! मी म्हणालो, राहू दे. तू दर नाताळाला सगळ्यांना सांगतेस की त्या वर्षी आमची चांदणी सगळ्या गल्लीत मोठी होती, पण पपांनी ती तिरकीच बांधली. ती का तिरकी राहिली, ते आज सांगतोय.

मला कुणी दोष दिला नाही. कागदच तसा होता. कोर्टात मला बोलावलं तेव्हा श्रीमंतच्या वकिलानं पंचनामा हातात देऊन विचारलं, हे तुमचंच अक्षर ना? मी हो म्हणालो. त्या दिवशी काही तणाव दिसला का? मी म्हणालो, माझ्यासमोर शांतता होती. बायबलवर हात ठेवून म्हणालो. साळूबाई मागच्या बाकावर बसली होती. त्यानंतर काष्टीच्या बाजूची मोजणी आली की मी आजारी पडायचो. तुझ्या आईला वाटायचं, मला तिकडचं पाणी बाधतं.

काल गेलो. बुधवारी तुझा फोन ठेवल्यावर झोप लागली नाही, म्हणून काल सकाळी आईला नगरला काम आहे असं सांगून निघालो. वस्ती सापडली. भागवत कधीच वारला. साळूबाई आहे, ऐंशीच्या घरात, डोळ्यांनी अंधुक दिसतं. मी नाव सांगितलं. तिनं सुनेला चहा टाकायला सांगितलं. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “तुमच्यावर राग धरून काय करू? मारनारे येगळे हुते. पर भाऊसाहेब, मी कोर्टात सांगितलं की साहेबाला मी काट्या दावल्या हुत्या, तर वकील म्हनला, सरकारी कागदावर शांतता लिवलीया, बाई खोटं बोलती. तवापासनं समदं गाव मला खोटी म्हनतंय. सख्खा भाऊसुदिक म्हनला, साळू, तू आदी सांगितलंच न्हवतं. लेक बी गेला आन् खोटी बी ठरले. तेवडं एकदा खरं लिवून द्याल का?”

तिच्या नातवाच्या वहीतलं पान घेतलं आणि ओट्यावर बसून लिहिलं. दुपारी अडीचच्या सुमारास साळूबाईनं मला काठ्या दाखवल्या, मी त्या पाहिल्या, तिनं पोलीस आणायला सांगितलं आणि मी ऐकलं नाही. खाली सही आणि तारीख. सुनेनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. साळूबाईनं पुन्हा वाचायला सांगितलं. तिसऱ्यांदा शेजारच्या दोन बायकांना बोलावून त्यांच्यासमोर वाचायला लावलं. कायद्यानं त्या कागदाची किंमत शून्य आहे, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, आसू द्या. परतीच्या एसटीत माझी नजर खिडकीबाहेर होती, पण दौंडचा फाटा कधी मागे पडला ते कळलं नाही. मी रडत होतो, आणि या वयात एसटीत रडणाऱ्या माणसाला लोक जागा देतात, एवढं नवीन कळलं.

बुधवारी तू विचारलंस, मी असतो तर काय केलं असतं. आई कान देऊन बसली होती, गादी उन्हात होती, आणि मी तुला म्हणालो, “सगळे सही करतायत ना, मग तूही कर बाळा, एकटीनं उलटं लिहून काय होणार, सही कर आणि नाताळाला घरी ये.” तू म्हणालीस, बरं पपा. तुझ्या त्या ‘बरं पपा’मध्ये मला पाचची एसटी दिसली. म्हणून हे पत्र. मी तुला जे सांगितलं ते मी मागे घेतोय. तुझा प्रश्न मी काय केलं असतं असा होता, आणि मी काय केलं ते वर लिहिलंय. उद्या सही करू नकोस. तू जे पाहिलंस तेच लिही, खंदक, सात गोळे, आणि त्या म्हाताऱ्यानं काय सांगितलं तेही, त्याचं नाव विचारून घे आणि नावानिशी लिही. तुझ्या लिहिण्यानं तोफा थांबतील असं मला वाटत नाही. त्या लोकांना कुणीतरी सोमवारी ट्रकात चढवीलही. पण ते तुझ्या सहीवर नको. आईला मी आजच सांगतो, ती रडेल, मग करंज्यांचा डबा पोस्टानं पाठवायचा की नाही यावर माझ्याशी भांडेल. यंदा चांदणी मी एकटाच बांधीन. खाली दोरी धरायला तू नसशील, त्यामुळे ती तिरकीच होणार. तसाच फोटो पाठवतो.

तुझाच पपा,
आमोस दाविद साळवे
निवृत्त भूकरमापक

(वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचून पाहिला, तो खरा आहे.)