कापसाच्या जागी गुलाब

मौलवीसाहेब, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग काही जात नाही. केनवडच्या कुणब्याचं पोर वाशीमच्या शाळेत संस्कृत शिकायला आलं म्हणून शास्त्रीबुवांनी मला दारातूनच परत पाठवलं, तेव्हा तुम्हीच हाक मारून फारसीच्या वर्गात बसवलंत. ते मी विसरलेलो नाही. म्हणून तर राग जास्त येतो.

मॅट्रिकच्या वर्षी मी फारसीत पहिली गझल लिहिली आणि दुरुस्तीसाठी तुमच्या ओसरीवर घेऊन आलो. त्यातला एक शेर माझ्या आईचा होता. कापूस वेचताना बोंडाची टोकं तिच्या बोटांत रुततात आणि पांढऱ्या कापसाला रक्त लागतं, एवढंच. तुम्ही पान थुंकून म्हणालात, "गजलेत कापूस कायले आणला रे? हा बाग हाये का जिनिंग?" मग लेखणी उचललीत. कापसाच्या जागी गुलाब, आईच्या जागी बुलबुल. हात इतका साफ की वृत्ताची एक मात्रा हलली नाही. ती गझल मुशायऱ्यात वाचली, तर नेमकी त्याच शेराला वाहवा मिळते आहे, आणि मी मेल्यासारखा आदाब करत उभा आहे. काट्यावर छाती टेकून रडणारा बुलबुल मी जन्मात पाहिला नव्हता.

पुढं कॉलेजात मोगलांच्या काळातले शायर वाचले. इराणातून इकडे आलेली माणसं. गझलेचा साचा तोच, यमकाची शिस्त तीच, पण आत आंबा, विडा, इथला पाऊस खुशाल आणलेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तसाच वाशीमला येऊन तुमच्यासमोर उभा राहिलो. "तुमाले हे मालूम नोतं?"

"मालूम होतं ना बेटा," तुम्ही शांतपणे म्हणालात. "पन त्याईनं आंबा लिह्यला तं लोक म्हनतात नवी तऱ्हा. तू कापूस लिह्यला तं म्हनतील, वावरातून उठून आला."

अहो, वावरातूनच आलो होतो ना मी! म्हणू द्यायचं होतं लोकांना. तुम्ही मला आत घेतलंत आणि माझ्या आईला बाहेर ठेवलंत. त्यानंतर मी एकही शेर लिहिला नाही.

हे खरं तर फारसीत लिहायला बसलो होतो. दोन ओळींतच हात थबकला, तुम्ही खोडाल म्हणून. शेवटी मराठीत लिहिलं. तुम्हाला मराठी बोलता यायची, वाचता यायची नाही, हे धरूनच.