कापसाचा काटा

मंगळवार, सांजवेळ, राळेगाव

डोकं अजून तापूनच आहे. रोज सकाळी पांदण रस्त्यानं जीव खाऊन पळते, दम लागला की चालते, पुन्हा पळते. आज वावरात कापूस मोजता मोजता नवऱ्यानं मलेच काट्यावर उभी केली. "एक किलोबी नाही उतरली. कायले पळून राह्यली तू?" वेचणाऱ्या बाया हासल्या. मीबी हासली. मी काहून हासली?

परकराची नाडी आता वीतभर जास्त लोंबते, ते काट्याले काय समजते?

घरी येताना फाट्यावरून बस हालली. मी पळत जाऊन दांडा धरला, चढली. नवरा मांगं, कमरेवर हात ठेवून धापा टाकत. कंडक्टरनं इचारलं, "ते तुमच्यासंग आहेत काय?"

नाही म्हटलं.

अजून आला नाही. बसला असन काट्यावर.