जोडीची बिडी

बीबी, ता. लोणार
दि. १९ जानेवारी २०२५

चि. पंचफुला हिस, दादाचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

वि. वि. तुझे पत्र कापूस वेचणीत आले आणि उत्तर आज लिहितो आहे. उशिराबद्दल रागावू नकोस. फोन केला असता, पण घरातला फोन सुनेचा, आणि तिच्यासमोर हे सांगायची माझी हिंमत नाही.

मी हमाली केली त्याच धान्याच्या गोदामात आपली सून मंजुश्री तूर निवडायला जाते. हमाल आत बसून बिड्या ओढतात आणि धूर बायांच्या अंगावर येतो. मंजुश्रीला धाप लागते. तिने सगळ्या बायांना जमवून मालकाला सांगितले की बिडी बाहेर ओढायला सांगा. मालक म्हणाला, जुने हमाल म्हणतील तसे करू. पहिला मी बोलीन, असा शब्द मी मंजुश्रीला दिला होता.

त्यासाठी मालकाने घेतलेल्या बैठकीत उकंडराव माझ्या शेजारी बसला. हमालीत आमची जोडी. पोते जोडीने उचलायचे, बिडी जोडीने ओढायची, आणि जोडीदाराने पेटवून दिलेली बिडी नाकारली तर जोडी मोडली, अशी आमची रीत. त्याने दोन झुरके घेऊन बिडी माझ्याकडे धरली. माझा हात आपोआप पुढे गेला. तेवढ्यात मालकाने माझे नाव घेतले, आणि माझ्या तोंडातून शब्दाआधी धूर निघाला. सगळे हसले. मालक म्हणाला, "घरच्या सासऱ्यालेच पटलं नाही, तर बाकीच्यायले काय सांगू?" विषय तिथेच संपला.

मंजुश्री आता माझे ताट वाढून ठेवते आणि आत निघून जाते. अजूनही त्याच धुरात कामाला जाते. तूच तिला समजाव.

माया आहे तशीच ठेव.
दादा

जळगाव जामोद
दि. २७ जानेवारी २०२५

ती. दादास, पंचफुलाचा सप्रेम जयभीम.

वि. वि. तुमचे अक्षर लावता लावता माझा चहा थंड झाला. मी तिला काय समजावू? आमचा दादा भोळा आहे, हे? धूर सोडला गोदामात आणि माफी मागता जळगाव जामोदला! लहानपणी विंचू दिसला की मला पुढे ढकलायचे, ती सवय गेली नाही अजून. उकंडरावशी तुम्हीच बोला, मालकाशीही तुम्हीच. मंजुश्रीला जपा. तिचा खोकला मला फोनवर ऐकू आला.

बहिणीचे बोलणे मनावर घ्या, पण राग धरू नका.
पंचफुला

बीबी
दि. १६ फेब्रुवारी २०२५

चि. पंचफुलास, आशीर्वाद.

वि. वि. विंचवाचे वाचून हसू आले, मग लाज वाटली. तरी गोदामात जायला मी आठवडा लावला.

उकंडरावने बिडी पेटवून पुढे केली. मी म्हणालो, "जोडी मोडून नाही राह्यलो. पण आत घेणार नाही. बाहेर ये, तिथं ओढू." त्याने विचारले, "सुनेनं शिकवलं काय बे?" मी "हाव, तिनंच" म्हणालो आणि बाहेर उन्हात जाऊन बसलो. बराच वेळ तो आला नाही. मला वाटले, सूनही दुरावली आणि जोडीदारही. मग शिव्या देत आला. उकंडरावशिवाय हमालांना गप्पांची मजा नाही, म्हणून हळूहळू बाकीचेही बाहेर येऊ लागले. मग मी मालकासमोर, सगळ्या बायांच्या देखत, त्या दिवशीचे राहिलेले बोललो. आत बिडी बंद झाली.

पण मंजुश्री तिथे नव्हती. आदल्याच दिवशी तिची धाप वाढली म्हणून लोणारला दवाखान्यात नेले होते. डॉक्टरने तिला गोदामात जायला मनाई केली आहे. बाया आता धुराविना तूर निवडतात आणि ज्या पोरीने हे मागितले ती घरी पडून आहे. मी तिची माफी मागितली. तिने ऐकून घेतले आणि औषध मागितले.

रोज संध्याकाळी मात्र विचारते, आज आत कोणी ओढली काय? मी नाही म्हणतो. मग ती भिंतीकडे तोंड करून झोपते. रागाने की समाधानाने, मला कळत नाही आणि विचारवतही नाही. तुझ्याशी ती बोलेल. तिला फोन कर, आणि काय म्हणाली ते जसेच्या तसे, माझी भीड न ठेवता, लवकर लिहून पाठव.

तुझा दादा
इंद्रभान