समाजमंदिर सहापर्यंत उघडं ठेवण्याबाबत

६ एप्रिल, सोम.
माझी अंगणवाडी बाराला सुटली. आया बेदाण्याच्या शेडवर सहापर्यंत. मधले सहा तास पोरं कुठं, हे कुणी विचारत नाही. शेडमध्येच असतात, खोक्यांच्या आडोशाला, बेदाणा पिवळा करायच्या गंधकाच्या धुरीत खोकत. तब्येतीच्या माझ्या रजिस्टरात मात्र सगळी 'साधारण'. मीच भरते ते.
सुरेखा आणि रुपाली आजही दारात एकमेकींकडे पाठ करून. सुरेखाचा नवरा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पडला, रुपालीच्या दिरानं पाडला. दीड वर्ष झालं. अबोला बायका पाळतात, उपवास पाळावा तसा. नवरे दोघं रोज एकाच टपरीवर चहा पितात.

१० एप्रिल
सुरेखाचा ओम, तीन वर्षांचा, शेडमध्ये धाप लागून निळा पडला. मालक म्हणे, उन्हानं झालं. मालक स्वतः एसी गाडीत.
सुरेखाला गाडी येत नाही. रुपालीनं स्कूटी काढली. दोघी पोराला मधे धरून तालुक्याच्या दवाखान्यात. ठेवून घेतलंय. डॉक्टर म्हणाले, धुरीपासून लांब ठेवा. कुठं ठेवा, ते नाही सांगितलं.

१३ एप्रिल
ओम घरी आला. आणि संध्याकाळी दोघी एकत्र माझ्या दारात!
रुपाली : "बाई, समाजमंदिर रिकामंच पडलंय की. पोरं तितं ठिवू. सहापतुर."
सुरेखा : "पंचायतीनं कुलूप तेवढं काढावं. बारानंतर तुमी हायसाच."
हायसाच! म्हणजे माझे रोजचे आणखी सहा तास, फुकट. आयांचं भलं करायचं तर दुसऱ्या बाईला जुंपायचं. मी म्हटलं, अर्ज लिहून देते. पुढचं बोलले नाही. त्यांनी ते 'हो' धरलं.

१९ एप्रिल
बावीस आया जमल्या. अर्जावर पहिली सही कुणाची यावर तासभर. आमच्या पार्टीची वर, तुमच्या पार्टीची खाली. दवाखान्याचं कौतुक आठवडाभर टिकलं.
वैतागून मी कागद फाडला. नवा लिहिला. पोरांची नावं बाराखडीच्या क्रमानं लावली. अथर्वची आई, आरोहीची आई, ओमची आई... करा म्हटलं आता सह्या. पोरांना अजून पार्टी नाही.
केल्या. रुपालीची, शंभूची आई म्हणून, पार खाली. तरी पेन मागून घेऊन तिनं केली. हे मला अपेक्षित नव्हतं.

२४ एप्रिल
एका पार्टीच्या दादांचा निरोप : माझ्या वाढदिवसाला आपणच उद्घाटन करू, पण त्या बाजूच्या बायका नकोत.
दुसऱ्या पार्टीच्या अण्णांचा निरोप : तोच. वाढदिवस तेवढा वेगळा.
दोघांचीही पोरं सांगलीला शिकतात. बेदाणा खायलाच बघितलाय त्यांनी.
सुरेखाला तिच्या नवऱ्यानं सांगितलं, रुपालीबरोबर दिसलीस तर बघ. ती म्हणाली, "बगा की. आमी दोगी रोज शेडवरच असतोय."

३० एप्रिल
महिला ग्रामसभा. ठराव एकमतानं. सरपंचबाई खुर्चीवर गप्प, त्यांचे यजमान शेजारी उभे राहून सभा चालवतात. महिलांची सभा!

१ मे
मुख्य ग्रामसभा. यजमान म्हणाले, "बायकांचा ठराव म्हणजे शिफारस. आनी पोरं सांबाळणार कोन? बाई, तुमी?"
सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. बावीस आया बघत होत्या. मी
मी पायाकडे बघत बसले. विषय तहकूब. एकवीस वर्षं ह्या गावाला नावं ठेवली. आज गावाला मला नावं ठेवायला मिळालं.
बाहेर पडताना रुपाली : "ऱ्हाऊ द्या बाई. आमाला वाटलं हुतं, तुमी बोलशीला."

२ मे
सांगलीच्या विश्रामबागेतून मुलीचा फोन. तिला सगळं सांगितलं, स्वतःची बाजू लावून.
"आई, तू अंगणवाडीत जाताना मला बाहेरून कडी लावायचीस. चार वर्षांची होते मी."
"दुसरं काय करणार होते?"
"तेच तर."
फोन मीच ठेवला.

४ मे, सोम.
सकाळी सरपंचबाई आल्या. सव्विसाव्या वर्षी सरपंच. कडेवर आठ महिन्यांची मुलगी. दीड वर्षात पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकला.
"किल्ली आणलीया. ह्यास्नी म्हाईत न्हाई."
"विचारतील की ते."
"इचारू द्यात. सरपंच मी हाय न्हवं?" म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या.
मी किल्ली घेतली. म्हटलं, सहापर्यंत बसते. शब्द तोंडातून जाताना कळलं, उद्याही बसावं लागणार.
बाराला उघडलं. आत फ्लेक्सचा ढीग, दोन्ही पार्ट्यांचा, एकावर एक. जेवणाच्या सुट्टीत सुरेखा-रुपालीनं पळत येऊन ते उलटे अंथरले. बावीस पोरं त्यावर झोपली. काही फ्लेक्स ओले झाले. वाळवले नाहीत. ओम दोन तास शांत झोपला, खोकला नाही. घड्याळ लावून बघितलं.
सहाला सगळ्या आया आल्या. थँक्यू वगैरे कुणी म्हणालं नाही. एकीनं विचारलं, उद्या पोराचा डबा देऊ का.
साडेसहाला आमच्या पर्यवेक्षिकेचा फोन. तक्रार पोचलीय. यजमानांशिवाय कोण करणार.
"कुणाच्या आदेशानं उघडलंत?"
"आयांच्या."
"कुठल्या पार्टीच्या?"
बावीसच्या बावीस, घर-नवरा-पार्टीसकट मला पाठ आहेत. म्हटलं, माहीत नाही.
म्हणाल्या, उद्या लेखी द्या, नाहीतर कारवाई होईल.
देईन. काय ते अजून ठरलं नाही.